चितार आळीत आठवड्यातून एक दिवस माणूस बसवा

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी सावंतवाडीचा. आमच्या घरात लाकडी फळं आणि खेळणी होतात. मुंबईकर सुट्टीत आले की चितार आळीतून परडीभर आंबे-केळी-फणस घेऊन जातात, त्यातली काही आमची असतात. पांगाऱ्याचं लाकूड किती वाळवायचं, रंगाचा हात कधी द्यायचा हे विचारायला मला सरकार लागत नाही, बाबा आहेत. अडतं ते कागदापाशी.

छोट्या उद्योगांच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीला एक पैसाही लागत नाही, हे मला एका एजंटाला पंधराशे रुपये दिल्यावर कळलं. बाबा एवढंच म्हणाले, "कागदाक पंधराशे घातलंस?" पण ते चुटपुट लावून संपलं. खरं नुकसान पुढे झालं.

पुण्याच्या एका दुकानदाराने दीडशे नग मागवले होते. माल बांधून झाला आणि त्याचा फोन आला: आयएसआय शिक्का नसेल तर पाठवू नका. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना तो सक्तीचा झालाय, हे खरंच होतं. शिक्क्यासाठी प्रयोगशाळा, चाचण्या. घरात एक लेथ असलेल्या माणसाला हे कुठून झेपणार? जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात गेलो. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने सांगितलं साहेब मीटिंगला गेलेत. तीन फेऱ्या झाल्या, तीनदा साहेब मीटिंगलाच. दीडशे नग माळ्यावर गेले.

आठ महिन्यांनी एका प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवरच्या बांबूकाम करणाऱ्या काकांनी चहा पिता पिता सांगितलं की हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना आयएसआयच्या त्या सक्तीतून सूट आहे. त्यासाठी पहचान कार्ड, म्हणजे कारागिराचं ओळखपत्र काढायचं, तेही फुकट. बस्स, एवढंच होतं.

जीएसटीचंही तसंच. गोव्याच्या दुकानात माल द्यायचा तर नंबर काढावाच लागेल, असं मला तीन जणांनी ठासून सांगितलं. उलाढाल मर्यादेत असेल तर हस्तकलेचा माल परराज्यात विकतानाही नोंदणीतून सूट मिळते, हे चौथ्याकडून कळलं. गंमत म्हणजे जीएसटीच्या 2018 च्या हस्तकला यादीत लाकडी खेळण्यांपुढे कंसात सावंतवाडीचं नाव छापलेलं आहे. दिल्लीला आम्ही माहीत आहोत, दिल्लीने काय दिलंय ते आम्हाला माहीत नाही.

'हे केंद्राचं, आमचं नव्हे' असं उत्तर येईल, म्हणून आधीच सांगतो. उद्यम केंद्राचं, पहचान कार्ड केंद्राचं, कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना केंद्राची, जिल्हा उद्योग केंद्र आणि खादी ग्रामोद्योग मंडळ तुमचं. प्रत्येकाला आपापल्या कपाटातलं ठाऊक असतं, शेजारच्या कपाटाची किल्ली कुणाकडे ते कुणी सांगत नाही. आणि कारागीर एकच असतो.

नवी योजना नको. नवं पोर्टल तर अजिबात नको. बॅनर, सत्कार आणि पाण्याच्या बाटल्यांचं एकदिवसीय शिबिरही नको. त्यात प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा जेवणाची घंटा झालेली असते. जिल्हा उद्योग केंद्राचा एक माणूस आठवडा बाजाराच्या दिवशी चितार आळीत लॅपटॉप घेऊन बसवा. राज्याचं आणि केंद्राचं दोन्ही त्याला कळलं पाहिजे. एका वहीत त्याने प्रश्न, उत्तर आणि तारीख लिहावी. 'आज माहीत नाही, पुढच्या आठवड्यात सांगतो' हे उत्तरही चालेल, फक्त पुढच्या आठवड्यात तोच माणूस यायला हवा. सहा महिन्यांनी ती वही तुम्ही स्वतः मागवून वाचा.

जागा आम्ही देतो. खुर्चीही आमचीच. पांगाऱ्याची नाही देणार, मऊ लाकूड, टिकायचं नाही. चांगली फणसाची देऊ.

आपला,
सावंतवाडीचा एक खेळणीवाला