सोनू, जाहिरातीचे पैसे वाढवायच्या आधी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज काल दुपारी वाचला, मग रात्री भांडी आवरल्यावर परत वाचला. आपल्या केळीच्या वेफर्सच्या गूगलवरच्या जाहिरातीचे महिन्याचे 3000 रुपयांचे 8000 करायचे म्हणतेस. आप्पा लगेच हो म्हणाले, त्यांना तुझं सगळंच पटतं, पण वही माझ्याकडे असते ना बेटा, म्हणून मी लिहून राहिली.

तू म्हणतेस जाहिरात लावली नि ऑर्डरी दुप्पट झाल्या. झाल्याच. पण लावली कधी होतीस? आषाढी एकादशीच्या आधल्या आठवड्यात, नि पुढे अख्खा श्रावण. त्या दिवसात केळीचे वेफर्स कोणाचे खपत नाहीत गं? मी मागच्या तीन वर्षांच्या वह्या काढल्या, जाहिरात नव्हती तेव्हाही उपासाच्या दिवसात दीडपटीच्या वर जायचंच. म्हणजे जाहिरातीनं आणलं असेल ते त्याच्या वरचं थोडंसं.

आणि ती यादी, कोणी काय टाइप करून आलं ती. निम्म्याच्या वर लोकांनी आपलंच नाव टाकलंय! ज्याला नाव माहीत तो येणारच होता, खाली आपली साइट फुकटात पहिलीच दिसते, पण तो वरच्या जाहिरातीवर बोट लावतो नि आपले 6 रुपये गेले, वर 18 टक्के जीएसटी. मुक्ताईनगरच्या यात्रेत आपण स्टॉल लावला होता, शेजारचा पोऱ्या गिऱ्हाईक आणायला ठेवला, माणशी 2 रुपये, आणि तो स्टॉलच्या तीन पावलांवर उभा राहून येणाऱ्यालाच या या करायचा. एसटी स्टँडवर पाठवला तेव्हा कुठे नवीन माणसं आली. तसंच आहे हे.

तूच दिवाळीत ईबेचं, त्या अमेरिकेतल्या ऑनलाइन बाजाराचं, सांगितलं होतंस. 2012 मध्ये त्यांनी स्वतःचं नाव शोधणाऱ्यांना दिसणाऱ्या जाहिराती बंद केल्या, तर 99.5 टक्के क्लिक फुकटच्या लिंकवरून परत आले. उलट गूगलच्या 2011 च्या अभ्यासात होतं की जाहिरात थांबवली तर 89 टक्के क्लिक परत येतच नाहीत. आता ताक विकणारी ताक आंबट कशी सांगेल! पण ईबेच्याच प्रयोगात जे नवीन किंवा क्वचित येणारे होते, त्यांच्यावर बाकीच्या शब्दांच्या जाहिरातीचा फरक पडला होता, ते तू विसरलीस. आणि ईबेला सगळे ओळखतात, आपल्याला भुसावळच्या बाहेर कोण ओळखतं? म्हणून सगळंच बंद कर असं मी म्हणत नाहीये.

'उपासाचे केळी वेफर्स ऑनलाइन' असं शोधणारा आपल्याला ओळखत नाही, तिथं आपण फुकटात तिसऱ्या पानावर, तिथं पैसे लाव. पण त्यातही 'वेफर्स कसे करायचे' नि 'वेफर्स मशीन किंमत' वाले येऊन क्लिक करून गेलेत, ते शब्द आधी वगळायच्या यादीत टाक. पंचवीस क्लिकला एक ऑर्डर म्हणजे जीएसटी सोडून दीडशे रुपये गेले, अर्ध्या किलोमागे आपल्याला सुटतात सत्तर. पहिल्यांदा तोटाच, पण तोच माणूस वर्षात तीनदा मागवत असेल तर भरून निघतं. किती जण परत मागवतात ते मी वहीत बघते.

जाहिरातीनं फुकटचा नंबर वर चढत नाही, हे गूगलच सांगतं. मग राहिलेले 5000 दुसऱ्या कामाला लाव, नीट फोटो काढून घे, जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यावर, कच्च्या केळीवर, तेलावर एकेक पान लिही. हळूहळू होतं ते, पण जाहिरात पैसे संपले की त्याच दिवशी गप.

आता असं कर. नावाची जाहिरात नाशिकला बंद, पुण्याला चालू, चार आठवडे. मधे एकादशी आली तरी दोन्हीकडे सारखीच येणार. क्लिक मोजू नको, दोन्हीकडच्या एकूण ऑर्डरी मोज, फोनवरच्या धरून. फक्त आधी आपलं नाव टाकून बघ, दुसरा कोणी त्यावर जाहिरात लावून बसला असेल तर मला फोन कर, मग वेगळा विचार करावा लागेल.

सोमवारपासून सुरू कर, मी वहीत लाल पेनानं रेघ मारून ठेवते. कळण्याचं पीठ उद्या पार्सल करते.

तुझी आई