फॉरमॅट मारण्याआधी थांबवल्याबद्दल

खानापूर

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव कुठं घालू नका म्हणालात, म्हणून घातलेलं नाही. बेळगावातल्या दुकानाची गल्लीही लिहीत नाही. पण आभार उघडच मानायचे होते. खानापूर तालुक्यात झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्जांच्या दुकानात बसणाऱ्यांना कॉम्प्युटर चालवता येतो, पण आतलं काही माहीत नसतं. अशा लोकांना तुम्ही विंडोज नव्यानं टाकायला शिकवलंत. मशीन ठेवून घेऊन संध्याकाळी परत देणं तुम्हाला सोपं होतं. त्याऐवजी माऊस शिकणाऱ्याच्या हातात दिलात आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहिलात. तुमच्या हाताला किती खाज सुटली असेल ते समजतं.

"लई स्लो झालंय, फॉरमॅट मारूया" म्हणत, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायला येणाऱ्याला तुमचा प्रश्न ठरलेला: "डिस्क बघितलीस काय?" क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर उघडायचं. निळ्या खुणेऐवजी पिवळी 'कॉशन' दिसली आणि रिअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयित जागांचा, आकडा चढलेला असला, तर डिस्क जायला टेकलेली आहे. तिच्यावर नवीन विंडोज घालणं म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला रंग देणं. अशा वेळी आधी डेटा बाहेर काढायचा आणि २५६ जीबीचा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून त्यावर नवीन विंडोज टाकायचं. निम्म्या 'स्लो' मशीनचं दुखणं विंडोजमध्ये नसतंच. फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज १० किंवा ११ चालवलं की हेच होतं.

डिस्क ठीक निघाली तरी विंडोज टाकायच्या पेनड्राइव्हला हात लावू द्यायचा नाही, आधी कागद-पेन, हा तुमचा नियम. या मशीनमध्ये काय काय आहे ते लिहून काढायचं. शिकाऊ माणूस फोटो आणि वर्डच्या फाइली लिहितो आणि थांबतो. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे तिन्ही सी ड्राइव्हमध्येच असतात, हेही बऱ्याच जणांना तेव्हा कळतं. टॅली प्राइम या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, जागा बदललेली नसेल तर, सी ड्राइव्हच्या यूजर्स फोल्डरमधल्या पब्लिकमध्ये असतो. तो कॉपी करायचाच, शिवाय लायसन्स आधी 'सरेंडर' करायचं, म्हणजे त्या मशीनवरून सोडवायचं. नाहीतर नव्या विंडोजवर ते पुन्हा चालू करताना अडतं. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, आधारच्या बोटाच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते चालवणारा प्रोग्रॅम), ब्राउझरमधले पासवर्ड, प्रिंटरचं मॉडेल, सगळं त्या कागदावर.

आणि फॉन्ट. यासाठी तुमचे आभार वेगळे मानायला हवेत, कारण मशीन शिकवणारे बाकीचे लोक हे सांगत नाहीत. आपल्याकडे एकाच दुकानात लग्नपत्रिका मराठीत आणि अर्ज कन्नडमध्ये होतो. मराठी मजकूर जुन्या श्रीलिपी या सॉफ्टवेअरच्या फॉन्टात, कन्नड नुडीच्या. या जुन्या फॉन्टांमध्ये 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर आपल्या अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट गेला की ती जागा उघडी पडते आणि पत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस असा कचरा दिसतो. फाइल बिघडली असं वाटून लोक ती डिलीट करतात किंवा सगळं सिलेक्ट करून दुसराच फॉन्ट लावून सेव्ह करतात. खरं तर फाइलला काही झालेलं नसतं. तोच फॉन्ट परत आला की मजकूरही परत येतो.

म्हणून सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं अख्खं फॉन्ट्स फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्यायचं. तुम्ही त्यापुढची जागाही दाखवलीत. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांपासून डबल क्लिक करून टाकलेला फॉन्ट त्या यूजरपुरताच बसतो आणि अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा आतल्या फोल्डरात जाऊन पडतो. अ‍ॅपडेटा लपवलेलं असतं. 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' चालू केल्याशिवाय ते दिसत नाही, आणि नेमका ग्राहकाचा आवडता फॉन्ट तिथंच असतो. श्रीलिपी डोंगलवर (मशीनला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर) चालत असेल तर डोंगल खिशात आणि मूळ सीडी किंवा सेटअप हाताशी हवा. नुसते फॉन्ट आणून मजकूर दिसेल, पण नवीन टाइप करता येणार नाही.

मंगल या फॉन्टचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. जुनं युनिकोडमधलं (जिथं 'क' हा खरंच 'क' असतो) पत्र नव्या विंडोजवर उघडलं की ओळी सरकतात, पान वाढतं. कारण विंडोज १० पासून मंगल हा फॉन्ट मुळात बसवलेला नसतो, त्याच्या जागी निर्मला यूआय येतो. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घेतले की मंगल येतो. कन्नडच्या तुंगाचंही तसंच. टायपिंगसाठी २०१९ पासून विंडोजमध्येच मराठी आणि कन्नड फोनेटिक कीबोर्ड आहेत. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा पालटायची, बाहेरचं काही उतरवून घ्यायची गरज नाही.

डी ड्राइव्हवर ठेवलंय म्हणून सुखात असलेल्यांना तुम्ही एकच वाक्य ऐकवायचात: "डी बी त्याच डिस्कवर हाय की!" ते वाक्य ज्यांनी ऐकलं नाही त्यांचे अल्बम गेले.

लॅपटॉप असेल तर आणखी एक. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का ते बघायचं आणि ४८ अंकी रिकव्हरी की (त्या कुलपाची किल्ली) मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून कागदावर उतरवून घ्यायची. आपण कधी चालू केलंच नाही, असं म्हणून चालत नाही. नव्या विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचं खातं घातलं की ते बहुतेक आपोआप चालू होतं.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा, आणि त्यातलं सगळं पुसलं जातं हे आधी सांगायचं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन तो चालत्या मशीनवर तयार करायचा. मित्राकडची 'तयार' आयएसओ, म्हणजे विंडोजची सेटअप फाइल, नको. तिच्यात बहुतेक वेळा लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा अ‍ॅक्टिवेटर घुसवलेला असतो आणि अ‍ॅक्टिवेटर पहिली गोष्ट करतो ती म्हणजे विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद. त्याच मशीनवर पुढं लोकांचे आधार नंबर टाकायचे असतात. मूळ विंडोज असलेल्या मशीनला तर त्याची गरजच नाही. 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय निवडायचा, होमच्या जागी होम आणि प्रोच्या जागी प्रो टाकायचं, नेट लागलं की मदरबोर्ड ओळखून ते आपसूक अ‍ॅक्टिव्हेट होतं. कॉपी होताना शून्य एक्स ८००७०५७० असा एरर आला तर हार्ड डिस्कला शिव्या देण्याआधी पेनड्राइव्ह बदलून बघायचा. स्टिकरवर ६४ जीबी आणि आत जेमतेम ८, असे पेनड्राइव्ह बाजारात ढिगानं मिळतात. मग डाउनलोड पुन्हा करायचं, आणि तरीही तेच झालं तर रॅमची एकेक काडी काढून बघायची.

मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करायच्या बूट मेनूसाठी डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९. एसरला एफ १२ आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) चालू करावा लागतो. जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल आधी बदलायचा. सेल मेलेला असला की बायोसच्या सेटिंग्ज विसरल्या जातात आणि तारीख चुकली की सुरक्षित साइट उघडत नाहीत, अ‍ॅक्टिव्हेशन होत नाही. लोक मग विंडोजला दोष देत पुन्हा फॉरमॅट मारतात. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा यूपीएसची बॅटरी दहा मिनिटं तरी तग धरते का तेही आधी बघून घ्यायचं.

आता पार्टिशनचा, म्हणजे डिस्कचे भाग दाखवणारा, पडदा. शिकणाऱ्याचा हात इथंच थरथरतो, आणि थरथरायलाच हवा. या यादीत सी आणि डी अशी अक्षरं नसतात. ड्राइव्ह झिरो पार्टिशन १, १०० एमबी, सिस्टीम. पार्टिशन २, १६ एमबी. पार्टिशन ३, शंभरेक जीबी, प्रायमरी. मग पाचशे-सहाशे एमबीचं रिकव्हरी. आणि खाली मोठं एक, जे डी असतं. कुठलं काय हे फक्त आकारावरून ओळखायचं. म्हणून चालू विंडोजमध्ये असतानाच डिस्क मॅनेजमेंट उघडून सगळे आकार चिठ्ठीवर लिहायला लावायचात आणि डी ला रीनेम करून 'हिशोब' किंवा 'फोटो' असं इंग्रजी अक्षरांत नाव द्यायला सांगायचात. ते नाव सेटअपच्या यादीत दिसलं तर चूक व्हायची शक्यता जवळजवळ संपते. चिठ्ठी पडद्याशेजारी धरून पहिली तीन आणि रिकव्हरी डिलीट करायची, तयार झालेली 'अनअ‍ॅलोकेटेड' जागा निवडायची आणि नेक्स्ट.

दोन डिस्क असतील तर तुमचा उपाय आणखी सोपा: मशीन बंद करून, प्लग काढून, जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल ओढून ठेवायची. जी जोडलेलीच नाही ती चुकून पुसली जात नाही. शिवाय जुन्या डिस्कवर बूटचं पार्टिशन असेल तर सेटअप आपल्या बूट फाइली तिथं टाकून मोकळा होतो. मग वर्षानं ती डिस्क काढली की नव्या एसएसडीवरचं चांगलं विंडोज सुरूच होत नाही, आणि कुणाला कारण सापडत नाही.

'एमबीआर पार्टिशन टेबल आहे, इथं विंडोज टाकता येत नाही' असं आलं (एमबीआर ही डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत, जीपीटी नवी) तर नेटवर सगळे डिस्कपार्ट, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी या आज्ञा लिहून देतात. क्लीन म्हणजे अख्खी डिस्क, डी सकट. डेटा बाहेर असेल तरच ते करायचं. नसेल तर परत जाऊन बूट मेनूत पेनड्राइव्हची यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) नसलेली नोंद निवडायची. मात्र विंडोज ११ टाकायचं असेल तर कधीतरी जीपीटीवर यावंच लागतं. नव्या इंटेल लॅपटॉपवर, अकराव्या पिढीपासून पुढच्या, यादीत एकही ड्राइव्ह दिसत नाही तेव्हा डिस्क गेलेली नसते. डिस्क दिसायला लागणारा इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून 'लोड ड्रायव्हर'मधून द्यायचा.

पहिल्या रीस्टार्टला 'प्रेस एनी की' आलं तर काहीही दाबायचं नाही. दाबलं की सेटअप पहिल्यापासून सुरू होतो आणि माणूस तासभर गोल फिरत राहतो. एसएसडीवर हे सगळं वीसेक मिनिटांत आटपतं.

नाव विचारल्यावर ते देवनागरीत लिहू नको, हे तुमचं सांगणं मराठी माणसाला सुरुवातीला टोचतं. पण यूजरचं फोल्डर देवनागरीत तयार झालं की जुनी अकाउंटिंगची आणि टायपिंगची सॉफ्टवेअर तो पत्ता वाचू शकत नाहीत. नंतर दिसणारं नाव मराठीत बदलता येतं, फोल्डर इंग्रजीतच राहतं. वायफाय सापडलं नाही तर फोन यूएसबी केबलनं जोडून टेदरिंग चालू करायचं. सगळे ड्रायव्हर एकदम टाकणारी ड्रायव्हर पॅक नावाची जत्रा न बोलावता डिव्हाइस मॅनेजरमधल्या पिवळ्या त्रिकोणावर हार्डवेअर आयडी बघायचा. त्यात ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक. मग मशीनच्या कंपनीच्या साइटवरून नेमका तोच ड्रायव्हर. प्रिंटर सगळ्यात शेवटी, आणि सेटअप सांगेपर्यंत त्याची यूएसबी केबल काढलेली.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आता तुमच्याकडे चौथ्या-पाचव्या पिढीचे इंटेल आय थ्री मशीन घेऊन येणाऱ्यांची रांग असेल. टीपीएमची (विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षेच्या चिपची) अट चुकवून त्यावर ११ टाकून देणारे पुष्कळ आहेत. पैशांच्या व्यवहाराच्या मशीनवर ते करत नाही, हे तुम्ही तोंडावर सांगता. लिनक्स मिंट ही विंडोजऐवजीची फुकटची सिस्टीम द्यायला तयार असता, पण डीटीपीवाल्याला नाही, कारण श्रीलिपी आणि नुडी तिथं धड चालत नाहीत. गिऱ्हाईक परत जातं ते जातं.

या सगळ्या पायऱ्यांच्या तुमच्या दोन पानी कागदाच्या झेरॉक्स आता नंदगड आणि जांबोटीपर्यंत गेल्यात. त्यात एक दुरुस्ती केली आहे, राग मानू नका. दुसऱ्या पानावर 'डिलीट झाल्यावर न्यू दाबा' असं आहे. तिथं लोक आकडा टाकताना गोंधळतात, आणि न्यू न दाबता थेट नेक्स्ट केलं तरी सेटअप हवी ती पार्टिशनं स्वतः करतो, म्हणून ते वाक्य खोडलंय. तुमचा १६ जीबीचा पेनड्राइव्ह अजून इकडंच आहे. बेळगावला येणाऱ्या कुणाकडून तरी पाठवतो.

तुमचे,
खानापूर तालुक्यातले दुकानवाले