दादा, आधी स्विच बघितलात म्हणून थँक्यू

दादा नमस्कार,

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. पण सांगलीत गिऱ्हाइकाला "हे घेऊ नका" म्हणणारा रिपेअरवाला कोण, ते वाचणारे ओळखतीलच.

मी आलो तेव्हा हातात दुसऱ्या एका दुकानाचं कोटेशन होतं, ४ टीबीच्या दोन एनव्हीएमई (एकदम फास्टवाल्या एसएसडी), त्या पण रेड वनमध्ये, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा, एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत. माझ्या गेमिंग कॅफेत ८ पीसी, नेट १०० एमबीपीएस. शंभर जीबीचा गेम एका पीसीवर उतरायला सव्वादोन-अडीच तास आणि आठही पीसीवर घालायचा तर सगळा दिवस गेला, तोवर पोरं बाहेर गाड्यांवर बसून. म्हणून लॅनकॅश लावायचं ठरवलेलं, गेम नेटवरून एकदाच येऊन डिस्कवर साठणार, बाकीचे पीसी तिथून घरातल्या घरात ओढून घेणार.

तुम्ही कोटेशन बाजूला ठेवलंत आणि विचारलंत, "स्विच कुठला?" म्हणजे सगळ्या पीसींच्या केबली जिथं जोडतात तो डबा. मला सांगता येईना, तर भर दुपारी शटर ओढून माझ्या गाडीवर मागं बसून आलात. टेबलाखाली वाकून टॉर्च मारला तर स्विच १०० एमबीपीएसचाच! वर तीन केबलींत आठातल्या चारच वायरी पिनेत दाबून बसवलेल्या, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. "टाकी एवढी मोठी आणि तोटी करंगळीएवढी," म्हणालात. लाज वाटली खरं सांगायचं तर, दोन वर्षं त्याच टेबलावर बसतोय मी.

मग हिशोब कोटेशनच्याच पाठीवर. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जाणार, साधी साटा एसएसडी ५०० देते, मग एनव्हीएमईचे पैसे कशाला. हार्ड डिस्क स्वस्त पडते म्हटलं तर वाद न घालता कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमधली जुनी डिस्क लावून दाखवलीत. एक पीसी मस्त चालला, पण चौघांनी चार वेगळे गेम लावल्यावर ती जी खडखड करायला लागली, कारण लॅनकॅश गेमचे १-१ एमबीचे तुकडे करून ठेवतं आणि डिस्कमधलं वाचणारं हेड बिचारं इकडून तिकडे पळत बसतं.

क्यूएलसी, म्हणजे स्वस्तातली एसएसडी, लिहायला स्लो असते असं मी कुठंतरी वाचून आलेलो. तुम्ही हसलात. लिहिणार किती, नेट देईल तेवढंच, म्हणजे सेकंदाला १२ एमबी, तेवढं कुठलीही एसएसडी लिहिते. आणि रेड वनचं विचारलं तर, "कॅशमध्ये काय बारशाचे फोटो आहेत का? गेलं तर परत डाउनलोड." म्हणून १ टीबीच्या दोन क्यूएलसी घेऊन रेड झिरो केलं, म्हणजे दोन्ही मिळून एकच, एक गेली की सगळं गेलं, जे कुणीही करू नकोस म्हणून सांगतं, आणि उरलेल्या पैशातून गिगाबिट स्विच, केबली आणि ८ जीबी रॅम वाढवली. रॅमचं महत्त्व आता कळतंय, एकदा वाचलेलं तिच्यात राहतं, म्हणून सगळे एकच गेम ओढत असले की डिस्कची लाइट फारशी हलतच नाही.

परवा शंभर जीबीचा तोच गेम एकट्या पीसीवर सोळा मिनिटांत उतरला. चहा प्यायला गेलेलं पोरगं परत आलं तर लॉगिन स्क्रीन.

दुसऱ्या एसएसडीचे पैसे शुक्रवारी आणून देतो. जुना स्विच पण घेऊन येतो, कॅमेऱ्यांना चालेल म्हणाला होतात ना.