विमा कायदा बदलताना ब्रोकरची जबाबदारीही लिहून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विमा कायद्यातील सुधारणांची चर्चा बहुतेक वेळा विमाधारक आणि विमा कंपनी यांच्यापुरतीच होते. दोघांच्या मध्ये राहून माहिती सादर करणाऱ्या ब्रोकरवर त्या सुधारणेचा काय भार पडतो, याचा विचार क्वचितच होतो. मी याच व्यवसायात असल्याने हा मुद्दा मांडणे मला आवश्यक वाटते.

ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यानुसार विमाधारकाकडून एखादी महत्त्वाची बाब सांगायची राहिली, तर चूक अनवधानाने झालेली असली तरी कंपनीला संपूर्ण पॉलिसी रद्दबातल ठरवता येत असे. १२ ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या तेथील २०१५ च्या विमा कायद्याने व्यावसायिक विम्यातील हा अन्याय बराच कमी केला. चूक हेतुपुरस्सर किंवा बेफिकिरीने झालेली नसेल आणि खरी माहिती कळल्यावर कंपनीने फक्त जास्त हप्ता आकारला असता, तर आता दाव्याची रक्कम त्या प्रमाणात कमी होते. १०० रुपयांऐवजी ७५ रुपये हप्ता घेतला गेला असेल, तर दाव्याचे ७५ टक्के मिळतात. उरलेल्या २५ टक्क्यांसाठी विमाधारक बोट दाखवणार ते ब्रोकरकडेच. पूर्वी अख्खी पॉलिसी रद्द करण्याचे टोकाचे पाऊल उचलताना कंपनीला दहादा विचार करावा लागे. दाव्याला कात्री लावणे त्या मानाने सोपे आहे, आणि तूट किती हेही नेमके आकड्यात दिसते. त्यामुळे ब्रोकरवरचे दावे रकमेने लहान, पण संख्येने जास्त होण्याचा धोका मला खरा वाटतो.

याच कायद्याने विमाधारकावर आपल्याकडील माहितीचा वाजवी शोध घेण्याचे बंधन घातले आहे. गोदामातील आग विझवण्याचा पंप बंद असल्याचे देखभाल विभागाच्या पर्यवेक्षकाला ठाऊक असते, पण प्रस्ताव अर्जावर सही करणाऱ्या संचालकाला नसते. त्या पर्यवेक्षकाला विचारा, असे संचालकाला सांगायचे कुणी, तर ब्रोकरने. आणि सांगितल्याचा लेखी पुरावा नसेल तर नुकसान झाल्यावर ‘मी सांगितले होते’ या वाक्याला काहीही किंमत राहत नाही. शेकडो पानांचे अहवाल ईमेलला जोडून मोकळे होण्याचीही सोय नाही, कारण माहिती स्पष्ट व सहज समजेल अशा रीतीने मांडावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

सर्वांत नाजूक तरतूद वेगळीच आहे. कायद्याने दिलेले संरक्षण कमी करणारी अट व्यावसायिक पॉलिसीत घालायची असेल, तर कंपनीने ती करारापूर्वी विमाधारकाच्या नजरेस आणून द्यावी लागते. मात्र अशी अट ब्रोकरला प्रत्यक्ष माहीत असेल, तर कंपनीने ती नीट नजरेस आणून दिली नाही, अशी तक्रार विमाधारकाला करता येत नाही. अट वाचून ती अशिलाला न कळवणारा ब्रोकर त्याचे संरक्षण घालवून बसतो.

आपला १९६३ चा सागरी विमा कायदा ब्रिटनच्या त्या जुन्या कायद्याच्याच धर्तीवर आहे. त्यातील कलम २० विमाधारकावर आणि कलम २१ त्याच्या एजंटावर माहिती उघड करण्याचे बंधन घालते. आयुर्विम्यात आपल्या १९३८ च्या विमा कायद्यातील, २०१५ मध्ये दुरुस्त झालेल्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनी पॉलिसीला आव्हान देता येत नाही. मालमत्ता विम्याला असा आधार नाही. तेथेही दाव्यात प्रमाणशीर कपातीचे तत्त्व आणायला हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु ते आणताना ब्रोकरने अशिलाला कोणते प्रश्न विचारायचे, कोणत्या अटी लेखी कळवायच्या आणि त्या नोंदी किती काळ जपायच्या, हे कायद्यात किंवा नियमांत स्पष्ट लिहावे. ब्रोकरला व्यावसायिक दायित्वाचा, म्हणजे स्वतःच्या कामातील चुकीमुळे द्याव्या लागणाऱ्या भरपाईचा, विमा घेणे बंधनकारक आहेच. त्याची किमान रक्कमही या वाढलेल्या जोखमीच्या हिशेबाने त्याच वेळी पुन्हा ठरवावी, अशी माझी विमा नियामकाकडे मागणी आहे.

आपला नम्र,
एक विमा ब्रोकर