नॅनोकण गाठीत शिरले का, ते आधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगाची गाठ शोधून तिचा फोटोही काढणारे आणि तिथेच औषधही सोडणारे अतिसूक्ष्म असे नॅनोकण, अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. औषधनिर्माणशास्त्र शिकवत असल्याने मी त्या आवडीने वाचते. पण टोचलेल्या कणांपैकी गाठीत किती पोहोचले, हे बहुतेक बातम्यांत नसते.

आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरील प्रयोगांचा एक आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण निघाले ०.७ टक्के, म्हणजे शंभरात एकही नाही. हे कण काही शोधत नसतात, रक्ताबरोबर वाहत असतात. गाठीतल्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्यामुळे ते तिथे झिरपतात, असे १९८६ मध्ये जपानी संशोधकांनी मांडले. उंदरात भराभर वाढवलेल्या गाठीत ते ठळकपणे दिसतेही. माणसात मात्र रुग्णागणिक फरक पडतो, एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही पडतो. उरलेले बरेचसे कण यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळून टाकतात.

याचा पुरावा एमआरआयच्या जुन्या चित्रांतच आहे. १९९६ मध्ये अमेरिकेत यकृताच्या तपासणीसाठी लोहकणांचे एक इंजेक्शन मंजूर झाले. ते दिले की निरोगी यकृत चित्रात काळे पडते आणि गाठ पांढरी उठून दिसते, कारण लोह गिळणाऱ्या पेशी निरोगी भागात असतात, गाठीत जवळजवळ नसतात. म्हणजे ती गाठ दिसायची ती कण तिच्यात न गेल्यामुळे! तपासणीला ते चालते. त्याच कणावर औषध लादले, तर ते जाईल कुठे?

तरीही हे संशोधन मला फार मोलाचे वाटते, पण वेगळ्या कारणासाठी. आधी चित्र काढून कण कोणाच्या गाठीत शिरतात ते पाहता येते, आणि मग औषध कोणाला द्यायचे ते ठरवता येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मोजक्याच रुग्णांवरच्या एका अभ्यासात आधी लोहकण टोचून एमआरआय केला आणि नंतर नॅनोकणांत भरलेले इरिनोटेकॅन हे कर्करोगाचे औषध दिले. ज्या गाठींत लोह जास्त शिरले होते, त्या जास्त आकसल्या. असे मोठे अभ्यास व्हायला हवेत. ज्याच्या गाठीत काहीच शिरत नाही, त्याला ते औषध देऊन त्याचे हाल का करायचे?

आणि हो, चित्रात दिसतो तो कण, औषध नव्हे. औषध वाटेतच गळून गेले, तर रिकामा कणही तसाच दिसतो.

नॅनो-औषधांचा उपयोग नाही, असे मी म्हणत नाही. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेल्या रूपात १९९५ मध्ये मंजूर झाले, आणि त्या औषधाने हृदयाला होणारी इजा कमी झाली. हा फायदा खरा आहे, फक्त मथळ्यात बसणारा नाही.

अशी बातमी घेताना प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, आणि किती टक्के कण गाठीत गेले, एवढे तरी आपण जरूर छापावे. ज्यांच्या घरात रुग्ण आहे ते बातमीचे कात्रण घेऊन डॉक्टरांकडे जातात, आणि ते औषध अजून माणसांपर्यंत आलेलेच नाही, हे त्यांना तिथे कळते.

– एक वाचक