वाघदेवाची पूजा आणि डाकीण प्रथा एक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातपुड्यातील डाकीण प्रथेवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. विषय घेतलात हे फार बरे केलेत. पण त्यात वाघदेवाची पूजा, देवमोगऱ्याची यात्रा, भगताचे तोडगे आणि बाईला डाकीण ठरवून मारणे हे सगळे ‘आदिवासींच्या अंधश्रद्धा’ या एकाच मथळ्याखाली घातले आहे. त्याला माझी स्पष्ट हरकत आहे.

रानात गुरे-माणसे सुखरूप राहावीत म्हणून वाघदेवाला नारळ-कोंबडे देणे, महाशिवरात्रीच्या यात्रेत देवमोगऱ्याच्या याहामोगी देवीच्या पायी धान्य वाहणे, हा धर्म आहे. पंढरीची वारी जितका धर्म, तितकाच हाही. त्यापायी कोणा बाईला रातोरात गाव सोडावे लागत नाही.

डाकीण ठरवण्याची सुरुवात वेगळ्याच ठिकाणी होते. लेकरू दगावते, म्हैस आटते, तरण्या पोराचे हातपाय ठणकायला लागतात. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे. त्यातली ठणक अचानक उठते आणि कारण काही दिसत नाही. मग भगताकडे जायचे, तो दाणे टाकून पाहणार आणि नाव सांगणार. ते नाव बहुधा विधवेचे, मूलबाळ नसलेल्या म्हातारीचे, नाहीतर जिच्या वाट्याच्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा आहे अशा बाईचे निघते. गावच्या पाटलिणीचे नाव निघाल्याचे मी तरी कधी ऐकले नाही.

लेखात युरोपचा दाखला दिला आहे, तोही अर्धवट. तिकडे पंधराव्या ते अठराव्या शतकात चेटकीण म्हणून सुमारे 40 ते 50 हजार माणसे मारली गेली, त्यांत बायकाच जास्त. या बायका ख्रिस्तपूर्व जुन्या दैवतांच्या गुप्त उपासक होत्या, असा सिद्धांत मार्गारेट मरे यांनी 1921 मध्ये मांडला. पुढच्या इतिहासकारांनी तो खोडून काढला. आरोप झालेल्या बहुतेक जणी चर्चला जाणाऱ्या साध्या शेजारणीच होत्या. जुना धर्म आणि चेटूक यांची ही सांगड आरोप करणाऱ्यांच्या आणि नंतरच्या अभ्यासकांच्या डोक्यातली. नेमकी तीच सांगड आपल्या लेखात पुन्हा घातली गेली आहे.

अर्थात श्रद्धेचा यात काहीच संबंध नाही, असे मी म्हणणार नाही. दुवा आहे आणि तो भगत किंवा बडवा आहे. देवाची पूजा बांधणारा तोच, झाडपाला देणारा तोच आणि बाईचे नाव घेणाराही तोच. त्याच्या शब्दाला वजन येते ते त्याच्या पहिल्या दोन कामांमुळे. म्हणूनच सरसकट सगळ्याला अंधश्रद्धा म्हणणे घातक आहे. आपल्या देवाला नावे ठेवली की गाव एक होते आणि भगताच्या पाठीशी उभे राहते. ज्या तरुण पोरांना डाकिणीचा प्रकार मनापासून पटत नाही, त्यांचीही तोंडे बंद होतात.

आपल्या कायद्याने हा फरक नीट केला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते असे भासवून तिला छळणे हा त्याप्रमाणे गुन्हा आहे; शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. यात्रा, पूजा, सण, कीर्तन यांना मात्र त्यात हात लावलेला नाही. वर्षानुवर्षे ‘हा कायदा देवधर्माच्या विरोधात आहे’ अशी ओरड झाली. आता आपला लेख वाचून एखाद्या पाड्यावरच्या माणसालाही तसेच वाटेल.

झारखंडच्या छुटनी महतो यांना स्वतःला डायन ठरवून छळले गेले होते. आसामच्या बिरुबाला राभा यांनी या प्रथेविरुद्ध आयुष्य वेचले. दोघींना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. या त्यांच्याच समाजांतल्या बायका, म्हणून त्यांचे शब्द गावात पोचले. आपल्या लेखात बोलणारी सगळी माणसे शहरातली आहेत, एकही भिल्ल किंवा पावरा बाई नाही.

दोन गोष्टी कराव्यात, अशी विनंती. डाकिणीच्या छळाची बातमी देताना त्या बाईच्या नावावर जमीन किती आणि तिला हाकलल्यावर ती कोण कसते, याची चौकशी वार्ताहराने जरूर करावी. आणि या कायद्याखालचे दक्षता अधिकारी म्हणजे कोण, तक्रार कुठे द्यायची, सिकलसेलची तपासणी कुठे होते, ही माहिती एका चौकटीत भिलोरी आणि पावरी बोलींतून छापावी. आपला अंक आठवडे बाजाराच्या दिवशी धडगाव-मोलगीपर्यंत जातो.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, तळोदा, जि. नंदुरबार