सिकलसेलच्या कार्डाचा अर्थ सांगणारं कुणी हवं

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मी पूर्व विदर्भात बालरोगतज्ज्ञ आहे. गेल्या महिन्यात ओपीडीत एक जोडपं आलं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. दोघांच्याही सिकलसेल तपासणीच्या कार्डावर 'एएस', म्हणजे दोघंही वाहक. कार्डं लग्नाआधीचीच होती, पण त्यांचा अर्थ कुणी समजावला नव्हता. पहिला मुलगा 'एसएस', म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला, निघाला. त्याचे हातपाय सुजतात, रात्र रात्र रडतो. बाई आता पुन्हा चार महिन्यांची गरोदर आहे. दर खेपेला मूल एसएस असण्याची शक्यता 25 टक्के, हे त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडून ऐकलं. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना तपासता आला असता; ती वेळ गेली. गर्भजल तपासायला दूरच्या शहरात जा म्हटलं, तर नवरा म्हणाला, "रोवणी सोडून कसा जाऊ?"

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला सुरू झालं, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट घेऊन. अभियान चांगलं आहे. पण तीन पिढ्यांची वंशावळ काढून, जोडप्याला बसवून, पुढचे सगळे मार्ग नीट सांगणारा डॉक्टर तयार कुठे होतो? लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत मेडिकल जेनेटिक्सचा, म्हणजे आनुवंशिक आजारांचा, स्वतंत्र विभाग आहे. डॉ. शुभा फडके यांनी त्याची धुरा अनेक वर्षं वाहिली. ओपीडी, प्रयोगशाळा आणि डीएमचे (एमडीनंतरच्या अतिविशेष पदवीचे) विद्यार्थी एका छताखाली असले, की असे डॉक्टर घडतात.

आपल्याकडची एक हुशार इंटर्न मला म्हणाली, "सर, जेनेटिक्स फार आवडतं. पण शिकून बसू कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, डीएमची तीन. एवढं शिकून आल्यावर पद हवं, बढतीची वाट हवी, एक दिवस विभागप्रमुख होता यावं. एमबीबीएसचं महाविद्यालय चालवायला मेडिकल जेनेटिक्सचा विभाग नियमानं बंधनकारक नाही; म्हणून तो निघायचा तर शासनाच्या इच्छेनंच निघेल.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग पूर्ण ताकदीनं उभा करा: प्राध्यापक, सहयोगी आणि सहायक प्राध्यापक, प्रयोगशाळा, आणि गोंडी-माडिया बोलणारे समुपदेशक. कंत्राटी नेमणुका नकोत. वंशावळ सांभाळणारा माणूस दर अकरा महिन्यांनी बदलून चालत नाही. विभागाची ओपीडी महिन्यातून एकदा गडचिरोलीत यावी.

हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरतं. त्या वेळच्या पुरवणी मागण्यांत या पदांचा प्रस्ताव असावा, ही विनंती.

आपला,
विदर्भातील एक बालरोगतज्ज्ञ